ओट्याची उंची कोणी ठरविली?

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत मी दरवर्षी एखादी पाककृती देते. यंदाही चिटणीसबाईंनी तीच मागितली होती. परंतु या खेपेला पदार्थाविषयी न लिहिता, तो जिथे शिजतो त्या जागेविषयी चार शब्द लिहावे असे मनात आले. त्याला कारणही तसेच घडले. यंदा आपल्या आळीत बऱ्याच घरी स्वयंपाकघराची कामे निघाली आहेत, आणि दोन इमारती पाडून त्यांच्या जागी नव्या व्हावयाच्या आहेत. त्यामुळे मंगळवारी भजनाला जमलो की टाळ खाली ठेवताक्षणी एकच विषय सुरू होतो. ओटा किती उंच घ्यावा? ट्रॉल्या करून घ्याव्या की कडाप्प्याची मांडणीच बरी? मोरी खिडकीशी असावी की दाराशी? एक विचारते, चारजणी सांगतात, आणि चौघींची चार मते पडतात.

मी सातवीपर्यंत शिकलेली. पण वाचनाची आवड आहे, आणि धाकट्या मुलीला इंग्रजी चांगले येते. वाचनालयातून मी काही पुस्तके आणली, काही मजकूर तिने मराठीत सांगितला. स्वयंपाकघर कसे असावे हा सल्ला बायकांनी कोणाला विचारला आणि बायकांना कोणी विचारला, याचा एक चांगला मोठा इतिहास आहे असे त्यातून कळले. तो माझ्या समजुतीप्रमाणे येथे मांडते.

आरंभ आपल्या घरापासूनच करू. माझी आजी खेडेगावात राहत असे. तिची चूल तिने स्वतः घातलेली होती. तांबडी माती, भाताचे तूस आणि शेण कालवून ती मळायची, आणि ज्या भांड्यात रोजचा भात व आमटी व्हायची, तेच भांडे चुलीवर ठेवून तोंडाचे माप घ्यायची. शेजारी वैल, मागे भानवस, हाताच्या अंतरावर फुंकणी, आणि भिंतीला उतरंड. पाटावर बसल्यावर हात कोठवर पोहोचतो हे तिला ठाऊक होते आणि त्याच हिशोबाने सारे मांडलेले असे. गावात एखादीची चूल धूर कमी करते, लाकडे कमी खाते असा लौकिक असला, की नव्याने संसार मांडणाऱ्या सुना तिला बोलावून नेत. ती येऊन तोंड कसे ठेवावे, भिंतीपासून किती अंतर सोडावे ते सांगे. म्हणजे मापही बाईचे, हातही बाईचे आणि सल्लाही बाईचाच. धुराने डोळ्यांचे हाल होत, पाणी डोक्यावरून आणावे लागे, हे सर्व खरेच आहे; ते दिवस परत यावेत असे मी मुळीच म्हणत नाही. पण त्या चुलीचा नकाशा दुसऱ्या कोणी काढलेला नव्हता, एवढे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

शहरात आल्यावर ही गोष्ट बदलली. मुंबईत १९२० नंतरच्या काही वर्षांत सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे कामगारांसाठी २०७ चाळी बांधल्या. बी. डी. डी. चाळी म्हणून आपण ज्यांना ओळखतो त्या याच. एकेक खोली १६० चौरस फुटांची. त्यातच निजावयाचे, पाहुणा आला तर त्याला बसवावयाचे, आणि त्यातच एका कोपऱ्यात रांधावयाचे. स्वीडनमध्ये १८९२ साली निघालेला प्राइमस स्टोव्ह आपल्याकडे घरोघर शिरला तो अशाच खोल्यांतून. स्टोव्ह उचलून कोठेही ठेवता येई, त्यामुळे चुलीची जागा सुटली. पुढे गॅस आला. इंडेनची पहिली जोडणी १९६५ साली कलकत्त्यात दिली गेली. मुंबईत गॅसच्या टाक्या त्याच्याही काही वर्षे अगोदर आल्या होत्या. टाकी खाली आणि शेगडी वर असे ठेवणे भाग झाले, म्हणून दगडी ओटा उभा राहिला, आणि ओट्याबरोबर बाईही उभी राहिली. माझ्या सासूबाई सांगतात, त्यांच्या सासूला उभ्याने पोळ्या लाटणे पसंत नव्हते. अन्नपूर्णेपुढे बसावे, उभे काय राहावयाचे, असे त्या म्हणत. पण पाठीला आराम पडला तेव्हा त्यांनीही तक्रार सोडून दिली.

आता ओटा आला खरा, पण त्याचे माप आले कोठून? ते गवंड्याकडून आले. आमच्या घरचा ओटा बावीस वर्षांपूर्वी झाला. मिस्त्रीने ३४ इंच उंची घेतली, कारण तो सगळीकडे तेवढीच घेत असे. माझी उंची चार फूट दहा इंच. त्या ओट्यावर शेगडी चार-पाच इंचांची, तिच्यावर कढई. म्हणजे भाजी परतताना माझे कोपर खांद्याला टेकावयास जाते. गेली कित्येक वर्षे माझा उजवा खांदा रात्री ठणकतो. डॉक्टरांनी काम काय करता असे विचारले, तेव्हा काही नाही, घरीच असते, असे मी सांगितले. कारण आपण सगळ्याजणी तसेच सांगतो. वास्तविक तो ओटा बांधताना मी तेथेच मिस्त्रीला चहा देत उभी होते. मला कोणी विचारले नाही, इतकेच.

हाच प्रश्न परदेशांत शे-दीडशे वर्षांपूर्वीच उपस्थित झाला होता. अमेरिकेत कॅथरीन बीचर नावाच्या एक शिक्षिका होत्या. ‘अंकल टॉम्स केबिन’ ही गुलामांच्या दुःखावरील प्रसिद्ध कादंबरी लिहिणाऱ्या हॅरिएट बीचर स्टो यांच्या या थोरल्या भगिनी. या दोघी बहिणींनी मिळून १८६९ साली घरसंसारावर एक मोठे पुस्तक काढले. त्यात त्यांनी आगबोटीवरील स्वयंपाकघराचा दाखला दिला आहे. बोटीवर जागा अगदी थोडी, आणि तेवढ्यात शेकडो माणसांचे रांधावयाचे. म्हणून तेथे आचाऱ्याला सारी वस्तू एक-दोन पावलांत मिळेल अशी मांडणी असते. मग घरातील बाईलाच दिवसभर एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत का चालावयास लावता, असा त्यांचा प्रश्न. त्यांनी पिठाचा डबा, कणीक मळण्याची फळी व मोरी एका ओळीत खिडकीखाली आणून दाखविली. आज आपण ज्याला ओटा म्हणतो त्याचे हे जुने रूप समजावयास हरकत नाही. लग्न न केलेल्या बाईने सर्व गृहिणींची पाठ वाचविण्याचा विचार केला, याचे मला कौतुक वाटते.

त्यानंतर १९१२ च्या सुमारास त्याच देशात क्रिस्टीन फ्रेडरिक नावाच्या गृहिणीने मासिकातून लेख लिहिले. त्या काळी कारखान्यांत कामगाराची एकेक हालचाल मोजून काम सोपे करण्याची पद्धत निघाली होती. फ्रेडरिकबाईंनी ती आपल्या घरात लावून पाहिली. रांधताना व भांडी घासताना आपण कोठून कोठे जातो याच्या रेघा त्यांनी कागदावर ओढल्या. चुकीच्या मांडणीत त्या रेघांचा गुंता होतो, आणि नीट मांडणीत त्या सरळ जातात. ही युक्ती इतकी सोपी आहे की आपल्यापैकी कोणीही खडू घेऊन घरी करून पाहावी.

तिसऱ्या बाई लिलियन गिल्ब्रेथ. या फार शिकलेल्या, आणि बारा मुलांच्या आई. १९२४ साली पती वारले आणि संसाराचा भार अंगावर पडला. पतीबरोबर त्या कारखान्यांना कामाची पद्धत सुचवीत असत. एकट्या बाईला ते काम मिळेना, तेव्हा त्या स्वयंपाकघराकडे वळल्या. गंमत अशी की त्यांच्या घरी स्वयंपाकाला माणसे होती आणि त्यांना स्वतःला रांधण्याची फारशी सवय नव्हती. म्हणून त्यांनी शहाणपणाची गोष्ट केली. शेगडी, मोरी व ओटा किती उंच असावा हे ठरविण्यासाठी चार हजारांहून अधिक बायकांना विचारले. १९२९ साली त्यांनी एका गॅस कंपनीसाठी नमुन्याचे स्वयंपाकघर मांडले. त्यात एकच केक जुन्या मांडणीत व नव्या मांडणीत करून पाहिला, तर २८१ पावलांचे काम ४५ पावलांत झाले. बाईच्या उंचीप्रमाणे ओटा असावा असे त्यांचे म्हणणे होते. पण पुढे कारखान्यांतून कपाटे तयार होऊ लागली, आणि कारखान्याला एकच माप सोयीचे. अमेरिकेत ३६ इंच ही उंची सरसकट रूढ झाली. बाईसाठी ओटा, हे मागे पडले आणि ओट्यासाठी बाई, हे पुढे आले.

या सर्वांत अधिक नावाजलेले स्वयंपाकघर मात्र जर्मनीतील फ्रांकफुर्ट शहराचे. पहिल्या महायुद्धानंतर तेथे घरांची फार टंचाई होती. अर्न्स्ट माय या वास्तुशिल्पज्ञाच्या हाताखाली नगरपालिकेने हजारो घरे बांधावयास घेतली आणि त्यांचे स्वयंपाकघर आखण्याचे काम १९२६ साली मार्गारेटे लिहोत्स्की या व्हिएन्नाच्या तरुणीकडे सोपविले. शुट्टे-लिहोत्स्की हे त्यांचे लग्नानंतरचे नाव. तोपर्यंत आपण कधी रांधलेही नव्हते असे त्या पुढे मोकळेपणाने सांगत. त्यांनी गृहिणींना व बायकांच्या संघटनांना विचारले, कामाला लागणारा वेळ घड्याळ लावून मोजला, आणि आगगाडीच्या भोजनडब्यातील स्वयंपाकघर पाहून आपला नकाशा केला. सुमारे सव्वासहा फूट रुंद व सव्वाअकरा फूट लांब, म्हणजे जेमतेम ७० चौरस फुटांची ती खोली. त्यात पीठ, साखर, तांदूळ यांसाठी नाव लिहिलेली ॲल्युमिनियमची ओतायची खणे. पिठात कीड होऊ नये म्हणून ओकच्या लाकडाचा खण. भांडी निथळण्यासाठी जाळी. भिंतीला मिटणारी इस्त्रीची फळी. बसून भाजी चिरण्यासाठी फिरते स्टूल. माशा बसत नाहीत या समजुतीने रंग निळसर दिलेला. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे त्या शहरात बसविली गेली. आज घरोघर जे ट्रॉल्यांचे स्वयंपाकघर होते, त्याची आजी हीच.

भगिनींनो, येथे जरा थांबून विचार करा. आमच्या चाळीतील अख्खे बिऱ्हाड १६० चौरस फुटांत, आणि तिकडे त्याच सुमारास कामगाराच्या बायकोला नुसत्या स्वयंपाकासाठी ७० चौरस फुटांची निराळी खोली. त्याही देशात पैशांची ददातच होती. पण बाईच्या श्रमाला किंमत आहे हे नगरपालिकेने धरून चालले होते.

तरीही ते स्वयंपाकघर सर्वांना रुचले असे नाही. ते एकाच बाईच्या मापाचे होते. मदतीला मुलगी वा सासू आली तर उभे राहावयास जागा नाही. ओतायची खणे खाली असल्याने लहान मुले ती ओढून काढीत. पूर्वी सारे कुटुंब चुलीभोवती बसे, आता बाई एकटी दाराआड गेली अशीही तक्रार पुढे झाली. यावरून मला असे वाटते की एकदा विचारून भागत नाही. राहावयास गेल्यावर पुन्हा विचारावे लागते. लिहोत्स्कीबाईंचे आयुष्य मात्र विलक्षण. हिटलरच्या राजवटीविरुद्ध काम केल्याबद्दल १९४१ साली त्यांना पकडले, पंधरा वर्षांची शिक्षा झाली, आणि १९४५ मध्ये युद्ध संपताना त्या सुटल्या. २००० सालच्या जानेवारीत, एकशेतिसऱ्या वाढदिवसाला पाच दिवस उरले असता त्या वारल्या.

आता मी ज्यासाठी हा लेख लिहिते आहे त्या भागाकडे येते. एकट्या हुशार बाईने नकाशा काढणे निराळे आणि बायकांच्या मंडळाने सल्ला देणे निराळे. इंग्लंडमध्ये १९१८ साली सरकारने बायकांची एक समिती नेमली होती. युद्धानंतर कामगारांसाठी घरे बांधावयाची होती, त्यांचे नकाशे पाहून गृहिणींच्या दृष्टीने मत द्यावे असे तिचे काम. स्वीडनमध्ये १९४४ साली बायकांच्या संघटनांनी पुढाकार घेऊन गृहसंशोधनाची एक संस्थाच काढली. तेथे ओट्याची उंची, कपाटाची खोली, मोरीची जागा यांची मोजमापे बायका प्रत्यक्ष काम करीत असताना घेतली गेली. फिनलंडमध्ये मायू गेबहार्ड या बाईंनी हिशोब केला की भांडी धुण्या-पुसण्यात गृहिणीच्या आयुष्यातील जवळजवळ तीस हजार तास जातात. यावर त्यांनी मोरीच्या वर तळ नसलेले जाळीचे कपाट सुचविले. धुतलेले ताट तेथेच ठेवावे, पाणी खाली मोरीत गळते, पुसणे नको. आज फिनलंडमध्ये घरोघर असे कपाट दिसते.

आणि हॉलंडची गोष्ट तर आपल्या मंडळाने मनावर घ्यावी अशी आहे. दुसऱ्या महायुद्धात रॉटरडॅम शहराचा मध्यभाग बॉम्बहल्ल्याने बेचिराख झाला होता. ते पुन्हा उभारताना १९४६ साली तेथे बायकांची पहिली सल्लागार समिती स्थापन झाली. आपल्यासारख्याच साध्या गृहिणी, पगार नाही. नव्या घरांचे नकाशे पाहावयाचे, ते वाचावयास शिकावयाचे, आणि बांधकाम सुरू होण्यापूर्वी नगरपालिकेला सांगावयाचे की येथे कपडे वाळत घालावयास जागा नाही, येथे कपाटाचे दार उघडले तर खोलीचे दार लागत नाही. पुढे अशा समित्या त्या देशात गावोगाव निघाल्या. इंजिनियरला जे दिसत नाही ते रोज तेथे वावरणारीला दिसते, हे त्यांनी सिद्ध केले.

आपल्या देशातही याचा दाखला आहे. १९८० च्या सुमारास हरियाणात नाडा या गावी मधू सरीन या बाईंनी गावच्या बायकांबरोबर बसून धूर बाहेर नेणारी मातीची चूल तयार केली. भांडी कोणती, इंधन कोणते, भाकरी कशी भाजतात, हे विचारून प्रत्येकीच्या घरी चूल घातली, आणि घालणाऱ्याही गावच्याच बायका. याउलट १९८३ नंतर सरकारने सुधारलेल्या चुलींची मोठी योजना देशभर राबविली. कोट्यवधी चुली बसल्या. परंतु पुष्कळ ठिकाणी त्या लवकरच मोडल्या वा टाकून दिल्या गेल्या, आणि २००२ मध्ये ती योजना थांबली. हेतू चांगलाच होता. पण ठरावीक मापाची चूल आणून ठेवली की भांडे त्यात बसत नाही, भाकरीला आर लागत नाही, आणि मग बाई तिचे तोंड फोडून मोठे करते. माझ्या आजीने भांडे ठेवून माप घेतले होते. ती साधी गोष्ट एवढ्या मोठ्या योजनेत पुष्कळदा राहून गेली.

हे सर्व वाचून मी आमच्या घरच्या नव्या कामासाठी काय केले ते थोडक्यात सांगते. सुताराच्या दुकानातील चित्रे पाहण्याआधी मी आठ दिवस एक वही ठेवली. दिवसातून किती वेळा कोठून कोठे गेले ते टिपले. सर्वांत अधिक खेपा मोरी व शेगडी यांच्यामध्ये निघाल्या, म्हणून ती दोन्ही जवळ आणली. मात्र पाणी शेगडीवर उडू नये एवढे अंतर राखले. सरळ उभे राहून कोपर दुमडले, आणि त्याच्या पाच-सहा इंच खाली ओट्याची रेघ मारली. ती ३१ इंचांवर आली. मिस्त्री म्हणाला, इतका खाली कोणी घेत नाही. मी म्हटले, इतकी बुटकी बाई तुम्ही विचारली नसेल. शेगडीचा भाग आणखी दोन इंच खाली घेतला. गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळला तर खाली साचतो, म्हणून टाकीच्या कपाटाला जमिनीलगत जाळी ठेवली. मोरीखाली साधी भुशाची फळी न घेता पाण्याला टिकणारे, आय. एस. ७१० असा शिक्का असलेले प्लायवूड घेतले. सासूबाईंना बसून भाजी निवडता यावी म्हणून खिडकीशी एक बुटका बाक ठेवला. फोडणीचा धूर बाहेर जाईल असा पंखा खिडकीवर बसविला. यातील एकही गोष्ट चित्रांच्या पुस्तकात नव्हती; सर्व आपल्या मंडळातील कोणी ना कोणी सांगितलेली आहे. घरच्यांना आधी वही पाहून हसू आले. खर्चाचा आकडा मात्र तिच्यामुळेच कमी झाला, कारण नको असलेली तीन कपाटे गळाली. काम होऊन चार महिने झाले. खांदा पुरता बरा झाला असे म्हणणार नाही, पण रात्री झोप लागते.

एका घराचे असे करता येते. इमारतीचे मात्र एकटीला करता येत नाही. नव्या होणाऱ्या दोन्ही इमारतींचे नकाशे सोसायटीच्या सभेत मांडले गेले आहेत. सह्या करणारे बहुतेक पुरुष आहेत. त्यांनी गाडी लावण्याची जागा, दिवाणखान्याची लांबी, भाडे आणि तारखा यांविषयी पुष्कळ प्रश्न विचारले, आणि ते योग्यच आहे. स्वयंपाकघराविषयी मात्र एकही प्रश्न निघाला नाही. ताशीव फरशी बसून गेल्यावर, नळ भिंतीत गेल्यावर आणि शेजारच्या घरावर मोरी आल्यावर मग काही हलत नाही. पुढची चाळीस-पन्नास वर्षे आपल्या लेकी-सुना त्याच जागी उभ्या राहणार आहेत.

म्हणून माझी मंडळाला विनंती आहे. पाच जणींची एक छोटी समिती करावी. एक उंच, एक बुटकी, एक म्हातारी, एक नोकरीला जाणारी, आणि एक जिच्या घरी लहान मूल आहे अशी. नकाशा वाचावयास कठीण नसतो. एखाद्या जाणकाराने एक दुपार शिकविले तर येतो. मग आपल्या सभागृहाच्या फरशीवर खडूने त्या स्वयंपाकघराच्या रेघा खऱ्या मापाने ओढाव्या, आत पाटा-वरवंटा नाही तरी मिक्सर, माठ, टाकी व डबे मांडावे, आणि दोघींनी एकदम आत शिरून पोळ्या लाटण्याचा नुसता आविर्भाव करून पाहावा. कोठे कोपर लागते, कोणते दार उघडत नाही, ते लगेच कळेल. जे कळेल ते कागदावर लिहून, सर्वांच्या सह्यांनिशी सोसायटीला द्यावे. पुढील महिन्याच्या सभेपूर्वी हे होणे अगत्याचे आहे. खडू व मोजपट्टी मी घेऊन येईन.